किडीची लस येईपर्यंत सहाव्या वर्षाची दाढ जपा

"डॉक्टर, दात किडू नयेत म्हणून लस येणार आहे म्हणे. मग सिमेंट भरायचं जरा थांबवू का?" आमच्या दवाखान्यात हे अधूनमधून विचारलं जातं, म्हणून हे पत्रक.

थांबवू नका. अशी लस आज बाजारात नाही.

आपण 'कीड' म्हणतो, पण दातात अळी नसते. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स नावाचा जिवाणू 1924 मध्ये इंग्लंडमध्ये क्लार्क यांनी किडलेल्या दातांत शोधला. तो साखरेपासून चिकट थर बनवून दाताला धरून बसतो आणि आम्ल सोडतो. त्या आम्लाने दाताचं वरचं कवच विरघळतं. या जिवाणूला दातावर बसूच देऊ नये, एवढीच लसीची कल्पना. 1969 मध्ये बोवेन यांनी माकडांवर पहिले प्रयोग केले, पुढे लंडनच्या गाईज हॉस्पिटलमध्ये लेनर यांनी ते बरेच पुढे नेले. माकडांमध्ये कीड कमी झाली.

मग अडलं कुठे? या जिवाणूविरुद्ध शरीरात तयार झालेली काही प्रतिपिंडं (अँटीबॉडी) हृदयाच्या स्नायूलाही चिकटू शकतात, अशी शंका प्रयोगशाळेत आली. संधिवाताच्या तापातही जंतूविरुद्धची प्रतिपिंडं अशीच हृदयावर उलटतात, आणि त्याने हृदयाच्या झडपा खराब झालेली माणसं आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत. दाढ वाचवायला निरोगी मुलाच्या हृदयाशी खेळायचं नाही, हे शास्त्रज्ञांनी पाळलं ते योग्यच केलं. शिवाय आम्ल सोडणारे इतर जिवाणूही तोंडात असतातच.

आता आमच्या खुर्चीवर वारंवार दिसणारी गोष्ट. दुसरीतलं मूल, खालची मागची दाढ. हवा मारून कोरडी केली की खाचांच्या कडेला खडूसारखा पांढरा डाग दिसतो. आई म्हणते, "दुधाची आहे ना, पडेल की." नाही हो, ती पडत नाही! सहाव्या वर्षाच्या आसपास ही कायमची दाढ दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, त्यामुळे ती आली हे घरात कळतच नाही. ती जन्मभर पुरवायची आहे.

पांढऱ्या डागापर्यंतच गोष्ट असेल, तर फ्लोराइडने तो थोपवता येतो. खाचा खोल असतील तर सीलंट, म्हणजे खाचा बंद करणारा थर, भरतो. जेलने दाढ तयार करायची, धुवायची, पातळ द्रव खाचांत सोडायचा आणि निळ्या उजेडाने घट्ट करायचा. सुई नाही, ड्रिल नाही. सीलंटचा तुकडा कधी निघतो, म्हणून सहा महिन्यांनी दाखवायला या.

दुधाच्या दाताला खड्डा पडला असेल आणि मूल ड्रिलला घाबरत असेल, तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं द्रव औषध लावता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. कीड बहुतेक वेळा थांबते, पण ती जागा काळी पडते. हे आम्ही आधीच सांगतो, आणि तुमची हरकत असेल तर लावत नाही.

घरी फ्लोराइडची पेस्ट वापरा: तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. रात्री ब्रश झाल्यावर फक्त थुंकायला सांगा, खळखळून चूळ नको. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. तुम्ही तिकडचे असाल, तर आम्हाला आधी सांगा.

मुलाला आणताना उपाशी आणू नका. आधीचा एक्स-रे असेल तर सोबत घ्या.