निळ्या शाईतलं 'लाल'

प्रॅक्टिकलच्या दिवशी आमच्या सायकॉलॉजी डिपार्टमेंटच्या कॉरिडॉरमध्ये एकच वाक्य ऐकू यायचं, "ए, माझा सब्जेक्ट होतोस का, दहाच मिनिटं रे!" सब्जेक्ट म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस, पुस्तकात त्याला 'प्रयुक्त' म्हणतात पण तसं बोलत कोणीच नाही. दहा मिनिटांचा पाऊण तास व्हायचा आणि मोबदला म्हणजे कॅन्टीनचा एक वडापाव. सूचना शब्दन्‌शब्द वाचून दाखवायच्या, स्टॉपवॉच लावायचं, आणि शेवटी त्याला काय वाटलं ते त्याच्याकडूनच लिहून घ्यायचं, त्यात बहुतेकजण 'मजा आली' लिहून मोकळे.

सगळ्यांचा लाडका प्रयोग स्ट्रूपचा. कार्डावर 'लाल' हा शब्द निळ्या शाईत, शब्द वाचायचा नाही, फक्त शाईचा रंग सांगायचा. बालवाडीचं काम वाटतं ना? तिसऱ्या-चौथ्या शब्दाला जीभ अडखळते, माणूस "ला... नाही नाही, निळा" म्हणतो, स्वतःच हसतो आणि पुढच्या ओळीत परत तेच. जॉन रिडली स्ट्रूपने १९३५ मध्ये हे छापलं तेव्हा त्याच्या सब्जेक्ट्सना १०० रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३ सेकंद लागले होते, आणि चौकोनांऐवजी चुकीच्या शाईतले शब्द आल्यावर ११०! उलट केलं, म्हणजे रंग सोडून नुसते शब्द वाचायला सांगितले, तर चुकीच्या शाईमुळे जेमतेम २ सेकंद जास्ती. वाचन इतकं अंगात मुरलेलं असतं की नजर पडली की वाचून झालेलंच असतं, रंगाचं नाव मात्र दरवेळी शोधून आणावं लागतं. (ज्याच्या नावाने आम्ही जर्नलं भरली तो स्वतः पुढे बायबल शिकवण्यात रमला, हे मला फार आवडतं.)

आता त्याचे सब्जेक्ट कोण, तर कॉलेजचीच पोरं. हे आमच्याकडेच चालतं असं नाही. अमेरिकेत तर प्रयोगात बसल्याबद्दल कोर्समध्ये क्रेडिट मिळतं. जेफ्री आर्नेट या मानसशास्त्रज्ञाने २००८ मध्ये तिथली सायकॉलॉजीतलं संशोधन छापणारी मोठी सहा जर्नल्स तपासली, तर ९६ टक्के सॅम्पल, म्हणजे अभ्यासाला घेतलेल्या माणसांचे गट, पाश्चात्त्य श्रीमंत देशांतले निघाले, जिथे जगातली १२ टक्के माणसं राहतात. म्हणजे 'माणसाचं मन असं चालतं' हे वाक्य कितीदा तरी वर्गात सापडेल त्या पोरावरून लिहिलेलं असतं. मला विचाराल तर स्ट्रूपचं त्यातल्या त्यात बरं, कारण तो कुठल्याही भाषेत करून बघता येतो.

आम्ही बघितला पण. माझी रूममेट तमिळनाडूची, देवनागरीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. एकदा सब्जेक्ट मिळेना म्हणून तिला बसवलं, रंग इंग्लिशमध्ये सांगायचे ठरलं, तर बाईसाहेब मराठी कार्डावरून सुसाट! तिच्यासाठी ती नुसती रंगीत नक्षी होती, आडवं येणार काय? मॅडम म्हणाल्या, हिचा डेटा धरू नको, प्रयुक्ताला लिपी यायला हवी. मग रात्री रूमवर स्केचपेन घेऊन तमिळ कार्ड बनवलं, रंगांची नावं तिनेच कागदावर लिहून दिली आणि आम्ही ती चित्रासारखी उतरवून काढली. सकाळी ती हिरव्या शाईतल्या 'सिवप्पु'वर, म्हणजे लालवर, अशी काही अडखळली की स्टॉपवॉच थांबवायचंच राहिलं, आणि तमिळचं एक अक्षर न येणाऱ्या आम्ही मात्र त्याच कार्डावरून सुसाट.