गॅट्सबीची वर्दी

‘गर्भश्रीमंत’ आणि ‘नवश्रीमंत’ हे दोन शब्द शेजारी ठेवले की स्कॉट फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीची निम्मी गोष्ट सांगून होते. उरलेल्या निम्म्यासाठी जानेवारी १९१५ मधल्या अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरात, लेखकाच्या घरी जावं लागतं.

प्रिन्स्टनला शिकणारा अठरा वर्षांचा स्कॉट फिट्झजेराल्ड सुटीत घरी आला होता. वडिलांचा धंदा बुडालेला, नोकरीही सुटलेली. घर चालायचं ते आईच्या माहेरच्या पैशावर. तिथे त्याला जिनेव्हरा किंग भेटली. शिकागोच्या बड्या शेअर दलालाची मुलगी, बंगला लेक फॉरेस्टला. दोन वर्षं पत्रं चालली, मग थांबली. ‘गरीब मुलांनी श्रीमंत मुलींशी लग्नाचे मनसुबे करू नयेत’ अशा अर्थाचं वाक्य त्याने १९१६ मध्ये नोंदवहीत टिपून ठेवलं. कादंबरीतला टॉम ब्यूकॅनन, म्हणजे नायिका डेझीचा गर्भश्रीमंत नवरा, पोलोची घोडी आणतो, तीही लेक फॉरेस्टहूनच. गावाचं नाव बदलायची तसदीसुद्धा लेखकाने घेतलेली नाही.

१९१८ मध्ये सैन्यात असताना माँटगोमेरीला झेल्डा सेयर भेटली. लग्न ठरलं, आणि याच्याकडे पैसा दिसेना तेव्हा १९१९ मध्ये तिने मोडलं. मार्च १९२० मध्ये पहिली कादंबरी आली, गाजली, आणि आठ दिवसांत लग्न लागलं! हा हिशेब तो विसरला असेल असं मला वाटत नाही.

१९२२ च्या ऑक्टोबरात दोघं न्यूयॉर्कजवळ ग्रेट नेकला राहायला आली. तिथे नाटकसिनेमावाले, पत्रकार, ताजा पैसा. खाडीपलीकडे मॅनहॅसेटच्या बाजूला जुनी घराणी. कादंबरीतलं नवश्रीमंतांचं वेस्ट एग आणि गर्भश्रीमंतांचं ईस्ट एग ते हेच. १९२० पासून देशभर दारूबंदी होती, पण डॉक्टरांची चिठ्ठी असली की औषधाच्या दुकानात व्हिस्की मिळे. कादंबरीचा नवश्रीमंत नायक गॅट्सबी ज्यांच्या आडून दारू विकतो, ती ‘औषधाची दुकानं’ तिथून आली. स्वतः फिट्झजेराल्डने वर्षाला ३६,००० डॉलर उडवले. त्यातल्या १२,००० चा पत्ताच लागेना, म्हणून १९२४ मध्ये त्यावरच लेख लिहून पैसे मिळवले.

आता गॅट्सबीला परत हवा असलेला, डेझीच्या प्रेमाचा भूतकाळ किती जुना? १९१७ ते १९२२, पाचच वर्षं. डेझीला तो भेटला तेव्हा लष्करी वर्दीत होता, आणि वर्दीत कुणाचा खिसा रिकामा आहे ते कळत नाही. आयुष्यात तेवढ्याच काळात त्याला कुणी ‘तू कुठला?’ असं विचारलं नव्हतं. पुढे रेशमी शर्टांचे ढीग लागले, तरी ती सोय पुन्हा मिळाली नाही.

कादंबरी १० एप्रिल १९२५ ला आली. पहिली आवृत्ती २०,८७० प्रतींची, दुसरी जेमतेम ३,००० ची. १९४० मध्ये लेखक गेला तेव्हा दुसरीतल्या प्रती गोदामात शिल्लक होत्या. १९४५ मध्ये सैनिकांना फुकट वाटायच्या पुस्तकांत तिची वर्णी लागली. दीडेक लाख प्रती निघाल्या, वर्दीच्या खिशात मावतील अशा आकाराच्या.