वायर काढून ठेवलेली प्रत

27 जून 2017 रोजी न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल अडकलं. क्रेन ठणठणीत होत्या, बंद पडले होते संगणक. युक्रेनमधल्या ‘एम.ई.डॉक’ या करविषयक सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस सुटला आणि टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क या डॅनिश जहाज समूहाच्या नेटवर्कमध्ये शिरला. पडद्यावर खंडणीची मागणी झळकत होती, पण पैसे भरूनही डेटा परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती.

तो दोन वाटांनी पसरला. एक, विंडोजमधली फट. तिच्यावरचा पॅच, म्हणजे ती बुजवणारी दुरुस्ती, मार्च 2017 मध्येच आला होता. दुसरी वाट जास्त घातक. एका संगणकाच्या मेमरीत उरलेला ॲडमिनचा (सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड उचलायचा आणि त्याच किल्लीने पॅच केलेले संगणकही उघडायचे. रोजच्या कामाला ॲडमिन खातं वापरू नका म्हणतात ते यासाठी.

मर्स्कने दहा दिवसांत सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे केले. पण कोणाला कुठे प्रवेश आहे हे सांभाळणारे सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलर, एकमेकांची नक्कल सतत ठेवत असत, त्यामुळे ते एकजात गेले. वाचला तो फक्त घानातला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! (महावितरणला एवढं श्रेय अजून कोणी दिलेलं नाही.)

लहान ऑफिसातही गाडी इथेच अडते: प्रत असते, पण कायम जोडलेली. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा त्याच संगणकाच्या डी ड्राइव्हवर किंवा कायम जोडलेल्या हार्डडिस्कवर कॉपी केला, तर व्हायरस तीही कॉपी खातो. गुगल ड्राइव्हचं सिंक तर बिघडलेली फाइलच इमानेइतबारे वर चढवतं. तिथे जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात ते आधी पाहा.

दोन हार्डडिस्क घ्या, आलटून पालटून वापरा. संध्याकाळी कॉपी झाली की वायर काढायची आणि एक डिस्क ऑफिसबाहेर ठेवायची. रोजच्या कॉपीवर भागत नाही. घुसखोर कधी कधी कित्येक दिवस गप्प बसून राहतो, म्हणून महिन्याअखेरची एक प्रत वेगळी जपावी. आणि तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या संगणकावर ती रिस्टोअर करून (परत उतरवून) ताळेबंद उघडतो का, हे बघावं. ‘बॅकअप सक्सेसफुल’ या संदेशावर विसंबून बरेच जण फसतात.

हल्ला झालाच तर आधी नेटवर्कची केबल उपटा, वायफाय बंद करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत त्यांना कळवावं लागतं. या गडबडीत हमखास होणारी चूक म्हणजे ‘बॅकअप शाबूत आहे ना’ हे बघायला ती डिस्क त्याच बाधित संगणकाला जोडणं. आधी संगणक फॉरमॅट करून त्यावर विंडोज नव्याने टाकायचं, मगच त्याला ती डिस्क जोडायची.