कार्टचं डॉक्युमेंटेशन: वाचक बदलला, मग काय झालं?

एआय एजंटला, म्हणजे आपल्या वतीने कामं करणाऱ्या एआय प्रोग्रामला, ऑनलाइन खरेदी करू द्यायची, तर त्याला काही टूल (त्याला चालवता येतील अशी फंक्शन) द्यावी लागतात: वस्तू शोधणं, कार्टमध्ये टाकणं, नग बदलणं, पैसे भरण्याच्या पायरीपर्यंत नेणं. यांचा कोड फारसा अवघड नसतो. टूल नेमकं काय करतं, हे लिहिताना, म्हणजे त्याचं डॉक्युमेंटेशन करताना, मात्र दमछाक होते.

कार्टची अडचण वेबइतकीच जुनी आहे. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात, त्या एचटीटीपीमध्ये प्रत्येक विनंती सुटी असते. मागच्या विनंतीत काय घडलं, याची सर्व्हरला आठवण नसते. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी कुकी आणली, ती एका ग्राहक कंपनीला ऑनलाइन दुकानाची कार्ट हवी होती म्हणून. अर्धवट खरेदीचा तपशील सर्व्हरवर न साठवता ब्राउझरकडेच ठेवायचा, अशी ती युक्ती. १९९७ मध्ये आरएफसी २१०९ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजाने तिला पहिलं अधिकृत रूप दिलं.

पुढे दुकानं प्रोग्रामरांसाठी खुली झाली. ॲमेझॉनने २००२ मध्ये वेब सर्व्हिसेस सुरू केल्या. त्यांच्या एपीआयमध्ये (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून काम करून घेण्याच्या सोयीत) कार्ट तयार करणं, तीत भर घालणं, बदल करणं, ती रिकामी करणं, अशी वेगवेगळी ऑपरेशन होती. २०११ मध्ये आलेली स्वॅगर ही एपीआयचं वर्णन लिहिण्याची पद्धत पुढे ओपनएपीआय झाली आणि एपीआयचं वर्णन यंत्रालाही वाचता येऊ लागलं. पण त्यातली ‘डिस्क्रिप्शन’ची जागा बहुतेकांनी शोभेपुरती ठेवली. ‘कार्टमध्ये वस्तू टाकते’ एवढं लिहिलं की काम झालं. ते खपूनही जायचं, कारण वाचणारा माणूस होता. तो दोनदा चालवून बघायचा, शेजारच्याला विचारायचा, उरलेलं अंदाजाने भरून काढायचा.

मार्च २०२३ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीसाठी प्लगइन आणले. त्यांच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये, म्हणजे प्लगइनची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये, दोन वर्णनं लिहावी लागत: एक माणसासाठी, दुसरं मॉडेलसाठी. वाचक बदलल्याची ही पहिली ठळक कबुली, असं मी मानतो. त्याच वर्षी जूनमध्ये फंक्शन कॉलिंग आलं. नाव, वर्णन आणि पॅरामीटरची स्कीमा (कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा) एवढ्यावरून कोणतं फंक्शन चालवायचं, हे मॉडेल ठरवू लागलं. म्हणजे कोडला हात न लावता वर्णनातलं एक वाक्य बदललं, तरी एजंट वेगळा वागू शकतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने एमसीपी (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल) हे एजंटला टूल जोडण्याचं मानक जाहीर केलं. त्यात सर्व्हर आपल्या टूलची यादी वर्णनांसकट स्वतःच एजंटपुढे ठेवतो.

आणि इथे कार्ट आपले दात दाखवते. ‘नग: ३’ म्हणजे एकूण तीन करायचे, की आहेत त्यात आणखी तीन घालायचे? जोडणी मध्येच तुटली आणि एजंटने तीच विनंती पुन्हा पाठवली, तर वस्तू दुप्पट होईल का? रक्कम चलनाच्या मुख्य एककात आहे की सर्वांत लहान एककात? पेमेंटच्या एपीआयमध्ये बऱ्याचदा दुसरी पद्धत असते. ते लिहिलं नसेल तर किंमत शंभरपट वाटते. कार्टला शर्टचा आयडी चालत नाही, निळ्या रंगाच्या मध्यम मापाच्या शर्टचा लागतो. शॉपिफायच्या एमसीपी टूलमध्ये नग शून्य केला की वस्तू निघते आणि कार्टचा आयडी दिला नाही तर नवी कार्ट तयार होते. माणसाला हे सोयीचं वाटेल. लांबलेल्या संभाषणात आयडी हरवून बसलेला एजंट मात्र कसलीही एरर न येता रिकाम्या कार्टपासून सुरुवात करेल. एररचा मजकूरही आता डॉक्युमेंटेशनच आहे: ‘काहीतरी चुकलं’ याचा एजंटला उपयोग नाही, ‘दोनच नग शिल्लक, संख्या कमी करा’ याचा आहे.

मार्च २०२५ च्या एमसीपी आवृत्तीत टूलवर खुणा करायची सोय झाली: फक्त वाचणारं, नासधूस करू शकणारं, पुन्हा चालवलं तरी जास्तीचा परिणाम न होणारं. पण या खुणा म्हणजे इशारेच; अनोळखी सर्व्हरच्या खुणांवर विसंबू नये, हे त्या आवृत्तीतच म्हटलंय. पुढच्याच महिन्यात एआय सुरक्षेवर काम करणाऱ्या इन्व्हेरियंट लॅब्सने टूलच्या वर्णनात छुप्या सूचना पेरून एजंटला फसवता येतं, हे दाखवून दिलं. मॉडेल वर्णन वाचून वागतं, ही सोय हल्लेखोरालाही तितकीच उपयोगी पडते.

त्यामुळे ‘पैसे भरण्यापूर्वी ग्राहकाला विचारा’ असं वर्णनात लिहून भागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलेल्या एपी२ या एजंटमार्फत पैसे भरण्याच्या प्रोटोकॉलमध्ये ठरलेल्या वस्तू आणि किंमत असलेल्या कार्टवर ग्राहकाची डिजिटल सही घेण्याची तरतूद आहे. संमती वाक्यातून काढून सहीत नेली, हे मला योग्य वाटतं. त्याच महिन्यात ओपनएआय आणि स्ट्राइपने एजंटिक कॉमर्स प्रोटोकॉल आणला. त्यात दुकानाने प्रत्येक उत्तरासोबत वस्तू, कर आणि एकूण रकमेसकट चेकआउटची पूर्ण स्थिती परत पाठवायची असते, म्हणजे एजंटला बेरीज स्वतः करावी लागत नाही.