फोन कधी ठेवायचा ते आधी मीटर सांगायचं

मोबाईल कमी कसा वापरावा यावर हल्ली सगळेच बोलायलेत, नोटिफिकेशन बंद करा, झोपताना फोन लांब ठेवा वगैरे, पण आपल्यावर ही वेळ का आली ते बघायचं तर थोडं मागं जावं लागतं. मला एवढंच वाटतं की पूर्वी माणसं काही जास्त संयमी नव्हती, तेव्हा प्रत्येक गोष्ट आपोआप कुठंतरी संपायची. ते संपणंच एकेक करून काढून टाकलं गेलंय.

औशात आमच्या ओळखीचा एक एसटीडी बूथ होता, काचेची केबिन आणि आत लाल आकड्यांचं मीटर. भाऊ पुण्याला कंपनीत लागला तेव्हा आई-वडील रविवारी रात्री, दर कमी झाल्यावर, तिथं जायचे. वडील उभ्यानं बोलायचे, नजर सगळी मीटरवर, आणि आकडा वीसच्या पुढं सरकला की "बरं ठेवतो, जेवत जा टायमावर" म्हणून रिसिव्हर खाली. आई मागं उभी असायची, तिचं निम्मं बोलणं राहून जायचं. म्हणून ते दिवस चांगले होते असं मी कधीच म्हणणार नाही, आईचं ते राहिलेलं बोलणं मला आजही टोचतं.

भारतात मोबाईलवरून पहिला कॉल झाला 31 जुलै 1995 ला, कोलकात्याहून दिल्लीला, पण तेव्हा आलेल्या कॉललासुद्धा पैसे पडायचे त्यामुळं तो आपल्यासारख्यांचा नव्हताच. 2003 मधे इनकमिंग फ्री झालं आणि मग गावोगाव फोन आले, मिस्कॉल आला. तरी टॉकटाइम संपायचा, लोडशेडिंगमधे बॅटरी उतरायची, नंतर नेट आलं तेव्हा एक जीबीचा पॅक महिनाभर पुरवून पुरवून वापरायचो.

ह्याच काळात तिकडं अमेरिकेत काही छोटे छोटे बदल झाले, दिसायला अगदी साधे. 2006 मधे अझा रास्किन नावाच्या डिझायनरनं पानाच्या शेवटी येणारं 'पुढचं पान' बटण काढून टाकायची युक्ती शोधली, खाली सरकवत राहा, नवीन येत राहतं. नंतर त्यानं स्वतःच जाहीरपणे याबद्दल खंत व्यक्त केली. 2009 मधे फेसबुकवर लाइकचं बटण आलं आणि त्याच वर्षी आयफोनला पुश नोटिफिकेशन, म्हणजे आता आपण ॲपकडं जायची गरज नाही, ॲपच आपल्याला हाक मारणार. 2015 ला यूट्यूबचा पुढचा व्हिडिओ आपला आपण सुरू व्हायला लागला. हर्बर्ट सायमन ह्या अर्थतज्ज्ञानं 1971 मधेच लिहून ठेवलं होतं की माहिती उदंड झाली की लक्षाचा दुष्काळ पडतो, आणि दुष्काळ म्हणजे काय हे मराठवाड्याला वेगळं समजावून सांगायला नको.

2016 आठवा. एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, लोक घागरी मोजून पाणी भरत होते. आणि सप्टेंबरात जिओ आलं, दिवसाला चार जीबी फुकट. माझ्यासाठी सगळ्यात मोठं वळण हेच, कारण डिझाइनमधला शेवट तिकडं आधीच गेला होता, आपल्याकडं पैशानं जो लागायचा तो त्या महिन्यात गेला. मग 2020 ला शाळा फोनवर आली, ज्या घरांनी पोरांच्या हातात मोबाईल द्यायचा नाही असं ठरवलं होतं त्यांनी उसनवारी करून घेतला, त्याच जूनमधे टिकटॉक बंद झालं आणि जुलैत रील्स हजर.

कंपन्यांनाही हे दिसत होतंच. गुगलमधल्या ट्रिस्टन हॅरिसनं 2013 ला आतल्या आत हा मुद्दा मांडला होता, 2018 मधे गुगल आणि ॲपल दोघांनी फोनमधेच किती वेळ गेला ते दाखवायची सोय दिली. चांगलंय, पण ती मर्यादा एका बोटानं उडवता येते, मीटरचं तसं नव्हतं.

मला जास्त जवळचं वाटतं ते गावांनी केलेलं. 2022 मधे सांगलीच्या मोहित्यांचे वडगावनं संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली, ते बघून आपल्या उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनंही सहा ते आठची वेळ ठरवली. एकट्यानं ठरवलं की मोडतं, शेजारचंही पोरगं अभ्यासाला बसलं की आपलं बसतं.

आमच्या घरी भोंगा नाही. दिवेलागणीला सगळे फोन बाहेरच्या खोलीतल्या कोनाड्यात चार्जिंगला लागतात, ज्याला बोलायचंय त्यानं तिथंच उभं राहून बोलायचं, फक्त आईला सूट आहे. ती भावाला फोन लावते, खुर्ची घेऊन बसते, परवा सव्वा तास बोलत होती, कुणी मधे बोललं नाही.