कोणती खेळी पाहायची नाही?

आषाढात मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर झापांनी शाकारून ठेवलेल्या असतात, तेव्हा मालवणात आमच्या पडवीत रोज बुद्धिबळाचा पट मांडला जातो. वाद झाला की मोबाईलवरच्या ‘स्टॉकफिश’ या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमला विचारतात आणि तो क्षणार्धात पुढच्या वीस खेळ्यांचे सांगतो. सगळ्या शक्यता तपासून मात्र हे जमणे शक्य नाही. डावाच्या आरंभी पांढऱ्याला २० खेळ्या असतात. दोघांच्या दोन-दोन खेळ्या झाल्या की मार्ग १,९७,२८१ होतात.

म्हणून कोणत्या खेळ्या पाहायच्या नाहीत हे प्रोग्रॅमला ठरवावे लागते; यालाच छाटणी म्हणतात. पहिली छाटणी पूर्णपणे निर्धोक आहे. एका खेळीने प्यादे मिळते हे ठरले असेल आणि दुसरी तपासताना प्रतिस्पर्ध्याच्या पहिल्याच उत्तराने आपला घोडा फुकट जात असेल, तर त्याची बाकीची उत्तरे पाहण्याचे कारण उरत नाही. हीच अल्फा-बीटा छाटणी. दर वेळी ३५ खेळ्या धरल्या, तर दोन्ही बाजूंच्या मिळून सहा खेळ्यांनंतर १८३ कोटींहून अधिक स्थिती होतात. पण उत्तम खेळी नेहमी आधी तपासली गेली, तर नुथ आणि मूर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये मांडलेल्या विश्लेषणानुसार ८५,७४९ पुरतात. म्हणूनच मारामारीच्या खेळ्या आधी तपासतात.

पुढच्या युक्त्यांत धोका आहे. ‘नल मूव्ह’मध्ये प्रोग्रॅम आपली पाळी सोडून देतो आणि तरीही आपली बाजू भक्कम राहते का, हे कमी खोलीवर, म्हणजे कमी खेळ्या पुढे जाऊन, पाहतो; राहिली, तर ती फांदी, म्हणजे तिथून पुढचे सगळे मार्ग, तोडतो. पण पांढरा राजा एफ५, प्यादे ई४, काळा राजा डी४, प्यादे ई५ अशी स्थिती मांडून पाहा. ज्याची पाळी, त्याला राजा हलवावाच लागतो, प्यादे जाते आणि डावही जातो. या ‘झुगझ्वांग’मुळे केवळ राजा व प्यादी उरली की बहुतेक प्रोग्रॅम ही युक्ती बंद ठेवतात.

मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती खोली कमी करण्याची रीत. क्रमाने मागे पडलेल्या शांत खेळ्या प्रोग्रॅम तोडत नाही, त्या एक-दोन पायऱ्या कमी पाहतो, आणि एखादी अपेक्षेहून चांगली निघाली तर परत येऊन ती पूर्ण खोलीवर तपासतो. चूक झाली तरी ती दुरुस्त करण्याची संधी येथे बरेचदा मिळते. तोडलेल्या फांदीबाबत ती मिळत नाही. म्हणून मोबाईलवर ‘खोली ३०’ दिसते, तेव्हा काही मार्ग त्याहून पुष्कळ कमी पाहिलेले असतात, आणि निर्णायक शहांचे काही त्याहूनही खोल.