१६०, पण कशाचे?

मोठ्या माणसाला तापावर पॅरासिटामॉलची गोळी लिहून देताना डॉक्टर त्याला वजनकाट्यावर उभे करत नाहीत. लहान मुलाच्या बाबतीत मात्र आधी वजन लागते, त्याला दर किलोच्या मात्रेने गुणावे लागते आणि आलेले उत्तर बाटलीतल्या औषधाच्या तीव्रतेप्रमाणे मिलिलिटरमध्ये बसवावे लागते. दहा किलोच्या बाळाला किलोमागे १५ प्रमाणे १५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल द्यायचे असेल, तर ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेले सिरप ६ मिलिलिटर भरते. पण १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेल्या ड्रॉप्सच्या बाटलीतून तेवढेच ६ मिलिलिटर पाजले गेले, तर पोटात चौपट औषध जाते. बोस्टनमधील दोन रुग्णालयांत बालरुग्णांच्या १०,७७८ औषध-ऑर्डरी तपासल्या, तेव्हा ६१६ चुका आढळल्या आणि अपाय घडवू शकणाऱ्या चुकांचे प्रमाण प्रौढांच्या तिप्पट निघाले. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला.

संगणकावर औषध लिहिण्याची पद्धत यावरचा उपाय म्हणून आली. न लागणारे अक्षर, हरवलेला दशांशचिन्हाचा ठिपका आणि चुकलेला गुणाकार या तिन्ही गोष्टी तिने बऱ्याच अंशी निकालात काढल्या. तरीही, आकडा कोणत्या एककात आहे हे माणसालाच पाहावे लागते, आणि २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात नेमके तेच राहून गेले.

रुग्ण १६ वर्षांचा, पण वजन अवघे ३८.६ किलो. चाळीस किलोंच्या आतल्या मुलांना मात्रा किलोच्या हिशेबानेच लिहायची, असा तिथला नियम होता. तो मुलगा को-ट्रायमॉक्साझोलची (आपल्याकडे सेप्ट्रान म्हणून परिचित असलेले हे औषध) एक गोळी नेहमीच घेत असे. किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने १९३ मिलिग्रॅम आले आणि गोळी १६० चीच मिळत असल्याने फार्मासिस्टने ऑर्डर दुरुस्त करायला सांगितले. डॉक्टरांनी १६० टाकले. पण पडद्यावरचा रकाना 'मिलिग्रॅम'चा नव्हता, 'किलोमागे मिलिग्रॅम'चा होता. संगणकाने इमानेइतबारे गुणाकार केला आणि एका गोळीच्या साडेअडतीस गोळ्या झाल्या.

सूचना उमटली नाही असे नाही. ती डॉक्टरांनीही बाजूला सारली आणि फार्मासिस्टनेही. त्यांना निष्काळजी ठरवणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. त्या रुग्णालयात महिन्याला सुमारे साडेतीन लाख औषध-ऑर्डरी निघत आणि त्यांपैकी जवळपास निम्म्यांवर फार्मासिस्टच्या पडद्यावर काही ना काही इशारा झळके. मात्रा किंचित वाढली काय किंवा अडतीस पट झाली काय, चौकट दिसायला सारखीच. पुढे यंत्रमानवाने गोळ्या मोजून पाकिटे भरली. एवढ्या गोळ्या पाहून परिचारिकेला नवल वाटले, पण बारकोड स्कॅन केल्यावर ऑर्डर बरोबर असल्याचेच उत्तर आले. मुलाने सगळ्या गोळ्या गिळल्या. नंतर त्याला झटके आले. सुदैवाने तो वाचला.

म्हणूनच बालरुग्णांसाठी अशी प्रणाली उभारताना इशाऱ्यांची संख्या वाढवण्यापेक्षा ते निवडून कमी करणे आणि ठराविक कमाल मात्रेपलीकडची ऑर्डर साध्या क्लिकने पुढे जाणारच नाही असा अडसर घालणे अधिक उपयोगाचे ठरते. त्याच्याच जोडीला, किलोमागची मात्रा लिहिली जात असताना शेजारीच एका वेळची एकूण मात्रा आणि गोळ्यांची संख्या ठळक दिसायला हवी, कारण '१६०' वरून नजर सहज सरकते, '३८.५ गोळ्या' वरून सरकत नाही.